नाशिक–नागपूर ५४५ किलोमीटर, मग विमानाला दीड तासाहून जास्त वेळ का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. फेब्रुवारीत नागपूरला तुमच्या भाचीचा साखरपुडा आहे. ७४ वर्षांचे सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा यांना घेऊन तुम्हाला नाशिकहून जायचं आहे. ओझर (नाशिकचा विमानतळ) ते नागपूर हे अंतर एका ठिकाणी ५४५ मिळालं, दुसरीकडे ३३९, तिसरीकडे २९४. एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरने उडतं असं वाचून तुम्ही भागाकार केलात आणि एक तास पाच मिनिटं उत्तर आलं. पण वेळापत्रकात जाताना १ तास ३५ मिनिटं आणि येताना १ तास ५० मिनिटं दिसतात. त्यात दीर म्हणाले, ‘आम्ही मुंबईहून दीड तासात नागपूर गाठतो, आणि मुंबई तर लांब.’ विमान उतरण्याची वेळ आणि साखरपुड्याची वेळ यांत दीड तासाचं अंतर आहे, ते पुरेल का? आणि मुलाचा प्रश्न वेगळाच, खिडकीतून काय दिसेल. त्याचं उत्तर शेवटी देतो.

मी बावीस वर्षं उड्डाण नियोजनाच्या खोलीत काढली. आमच्या कामाला डिस्पॅच म्हणतात. वैमानिक विमानात बसण्याआधी मार्ग, वारा, इंधन, वजन यांचा कागद तयार करून त्याच्या हातात द्यायचा, असं ते काम. शेवटची नऊ वर्षं मी फक्त छोट्या विमानतळांची, पंख्याच्या विमानांची उड्डाणं बघत होतो. तुम्ही केलेला भागाकार मीही उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात केला होता आणि तितक्याच आत्मविश्वासाने वरिष्ठांपुढे ठेवला होता. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘विमान धावपट्टीवरूनच पाचशेच्या वेगाने सुटतं का रे?’ सगळं उत्तर त्या एका प्रश्नात आहे, पण तुम्हाला ते नीट सोडवून सांगतो.

आधी अंतर. तुम्हाला मिळालेले तिन्ही आकडे बरोबर आहेत. ५४५ किलोमीटर, ३३९ मैल आणि २९४ सागरी मैल हे एकच अंतर आहे. आमच्या धंद्यात सगळं सागरी मैलांत चालतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. संकेतस्थळं बहुतेक वेळा आकडा छापतात आणि एकक कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकतात, त्यामुळे हा घोळ होतो. हे अंतर दोन विमानतळांच्या ठरवून दिलेल्या संदर्भबिंदूंमधलं, पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर असतं. शहराच्या मध्यापासून मोजलं तर आकडा बदलतो, कारण ओझरचा विमानतळ नाशिक शहरापासून वीसेक किलोमीटर ईशान्येला आहे. रेल्वेने नाशिकरोड ते नागपूर सुमारे ६५० किलोमीटर पडतं. समृद्धी महामार्गाने, सिन्नरजवळ गोंद्याला वर चढून गेलात तर घरापासून घरापर्यंत सव्वासहाशेच्या आसपास.

नकाशावर ओझर आणि नागपूर यांच्यामध्ये पट्टी ठेवून बघा. रेघ चाळीसगावच्या थोडी दक्षिणेकडून जाते, अजिंठ्याची लेणी डावीकडे दहाएक किलोमीटरवर राहतात, मग बुलडाणा, अकोला आणि बडनेरा ही तीन गावं जवळजवळ रेघेवरच येतात. विमान मात्र पट्टीवरून जाईलच असं नाही. आकाशातही ठरलेले रस्ते असतात, त्यांवर नावं दिलेले बिंदू असतात, आणि काही हवाई क्षेत्रं हवाई दलासाठी राखलेली असतात, ती कधी मोकळी असतात तर कधी बंद. त्यामुळे ‘प्रत्यक्ष उडलेलं अंतर’ हा आणखी वेगळा आकडा असतो आणि तो रोज थोडा वेगळा येतो.

पण याची फार काळजी करू नका. सरळ जाण्याऐवजी विमान छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरून वळण घेऊन गेलं असं समजा. संभाजीनगर त्या सरळ रेघेच्या जवळजवळ ६० किलोमीटर दक्षिणेला आहे. एवढं आडवळण घेतलं तर अंतर किती वाढावं? ५४५ चं ५६१ होतं. सोळा किलोमीटर, म्हणजे दोन मिनिटं. नवख्या माणसाला हे खरं वाटत नाही, कागदावर त्रिकोण काढल्यावर पटतं. लांब पल्ल्यात मधे थोडं बाजूला गेल्याने फार बिघडत नाही. वेळ जातो तो दोन्ही टोकांना.

वेळापत्रकातला वेळ हवेत असण्याचा नसतो. विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे निघाले इथपासून दुसऱ्या गावी चाकांपुढे ठोकळे लागले इथपर्यंतचा तो वेळ असतो. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. तुमच्या प्रवासाचा हिशोब, वारा शून्य धरून, मी असा लावीन. ओझरला ठोकळे निघाल्यापासून धावपट्टीच्या टोकाशी जाऊन सुटेपर्यंत सात-आठ मिनिटं. मग चढाई. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान चढताना ५०० नाही, ३५० च्या आसपास वेगाने चालतं, आणि १७-१८ हजार फुटांवर पोचायला त्याला सतरा-अठरा मिनिटं लागतात. त्यात शंभरेक किलोमीटर सरतात. नागपूर जवळ आल्यावर उतरण पुन्हा पंधरा मिनिटांची, त्यातही शंभरेक किलोमीटर. म्हणजे पूर्ण वेगाने उडायला मधे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर उरतात, त्याला चाळीस मिनिटं. मग उतरण्यासाठी रांगेत लागणं, धावपट्टीशी जुळवून घेणं, यात पाच-सात मिनिटं. जमिनीवर टेकल्यावर थांब्यापर्यंत पाच. बेरीज करा, दीड तासाच्या थोडं पुढे जाते. वर कंपनी पाच-दहा मिनिटांची गादी ठेवते, कारण ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान ‘वेळेवर’ मोजलं जातं आणि तो आकडा सगळ्यांनाच प्यारा असतो.

धावपट्टीची दिशा हाही एक छुपा हिशोब आहे. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. नागपूर पूर्वेला. पण विमान वाऱ्याला तोंड देऊन सुटतं. त्या दिवशी वारा पश्चिमेचा असेल तर विमान आधी नाशिककडे तोंड करून उडणार आणि मग वळून नागपूरच्या दिशेला लागणार. तीन-चार मिनिटं तिथेच गेली. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. पश्चिमेकडून आलेल्या विमानाला वायव्येकडे तोंड करून उतरायचं असेल तर त्याला आधी नागपूर मागे टाकून आग्नेयेला जावं लागतं आणि वळून परत यावं लागतं. प्रवाशांना वाटतं, वैमानिक रस्ता चुकला.

ओझरची आणखी एक गंमत. हा विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा आहे, म्हणजे मुळात लढाऊ विमानांच्या कारखान्याचा. १९६४ पासून तिथे मिगचं काम चाललं, पुढे सुखोई झाली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथेच तयार झालेलं तेजस मार्क १ए उडालं. चाचणीचं उड्डाण चालू असेल तर प्रवासी विमानाला थोडं थांबावं लागणं ओघाने आलं. नागपूरलाही हवाई दल आहेच. अशा ठिकाणी मी माझ्या कागदात नेहमी चार मिनिटं गुपचूप जास्त धरत असे.

आता दिरांचं कोडं. मुंबई ते नागपूर सरळ अंतर ६८२ किलोमीटर, म्हणजे तुमच्यापेक्षा १३७ ने जास्त. पण ते जातात एअरबस किंवा बोइंगच्या जेट विमानाने, जे वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे पळतं. मुंबईला धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथे रांगेत पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि तरीही जेट दीड तासात काम उरकतं. तुमचं विमान रांगेत उभं राहत नाही, पण उडताना हळू उडतं. शेवटी दोघेही जवळपास सारख्याच वेळात पोचता.

नागपूरचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, पोत्यांची अदलाबदल करायची आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतायची. ती डाकोटा विमानं ताशी पावणेतीनशेच्या आसपास उडत. मुंबई–नागपूर तेव्हाही ६८२ च किलोमीटर होतं. म्हणून दोन गावांमधला विमानाचा वेळ कुणी विचारला की मी आधी उलट विचारतो, विमान कोणतं?

मला घरच्यांसाठी तोंडी हिशोब करायचा असतो तेव्हा मी एक ढोबळ सूत्र वापरतो. पंख्याचं विमान असेल तर किलोमीटरला ८ ने भागा, जेट असेल तर १३ ने, आणि दोन्हीकडे ३० मिनिटं मिळवा. मुंबई-दिल्लीसारखा गजबजलेला विमानतळ असेल तर आणखी दहा. तुमचं गणित असं: ५४५ भागिले ८, ६८ मिनिटं, अधिक ३०, म्हणजे १ तास ३८. दिरांचं: ६८२ भागिले १३, ५२ मिनिटं, अधिक ३०, अधिक १०, म्हणजे १ तास ३२. कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किलोमीटर आहे, तिथे एटीआरला सूत्राने १ तास २५-२६ येतात. आणि मुंबई–नाशिक हवाई अंतर जेमतेम १५८ किलोमीटर. तिथेही पंख्याच्या विमानाला, मुंबईची जादा दहा न धरताच, पन्नास मिनिटं, म्हणजे सरासरी ताशी १९० किलोमीटर! पल्ला जितका छोटा तितकं त्या ३० मिनिटांचं ओझं जड. उद्या ओझरहून नागपूरला एम्ब्रेअरसारखं छोटं जेट मिळालं तर हाच प्रवास सव्वातासाच्या आत येईल. तेव्हा तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघून घ्या, तो तिकिटाच्या तपशिलात लिहिलेला असतो. ‘एटीआर’ किंवा ‘एटी७’ दिसलं की पंख्याचं.

जाताना १ तास ३५ आणि येताना १ तास ५०, हा वाऱ्याचा खेळ. हिवाळ्यात आपल्याकडे १८ हजार फुटांवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. फेब्रुवारीत त्याला ३०-४० नॉटचा जोर असणं नवलाचं नाही. एटीआर हवेतून साधारण २७० नॉटने चालतं. नागपूरकडे जाताना ४० नॉटचा वारा पाठीशी आला की जमिनीवरचा वेग ३१०, परत येताना तोच वारा तोंडावर, वेग २३०. चढण-उतरण बाजूला ठेवून नुसता २९४ सागरी मैलांचा भागाकार केला तर जायला ५७ मिनिटं आणि यायला ७७. वीस मिनिटांचा फरक. वाटतं की जाताना कमावलं ते येताना गमावलं, फिट्टंफाट. तसं होत नाही. वारा नसता तर ६५ आणि ६५, म्हणजे १३० मिनिटं लागली असती. वाऱ्यासकट १३४ होतात. तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो. वारा असला की जाण्या-येण्यात मिळून तोटाच.

पावसाळ्यात हे चित्र बदलतं. त्या उंचीवर पश्चिमेचा जोर उरत नाही, पण ढगांना वळसे घालावे लागतात, आणि वळशाची मिनिटं आधी कुणीच सांगू शकत नाही. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं. तापलेली हवा विरळ असते, इंजिनाला आणि पंखांना तिच्यात जोर मिळत नाही, चढाई मंदावते आणि दुपारी विमान हिंदकळतंही. तुम्ही फेब्रुवारीत जाताय, हवेच्या दृष्टीने याहून बरा महिना नाही. फक्त वेळापत्रक जुनं बघू नका. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तुम्ही बघितलेलं पान उन्हाळ्याचं असेल तर हिवाळ्यात मिनिटं वेगळी असतील, कदाचित उड्डाणाचा वारही.

एवढा हिशोब सांगितला, पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. उतरल्यावर दीड तासात साखरपुडा, हे जमेल का? माझं स्पष्ट मत, असं करू नका. सगळं सुरळीत झालं तर जमतं. सामान यायला वीस मिनिटं, सोनेगावहून सीताबर्डी आठेक किलोमीटर, मेट्रोही आहे, वेळ पुरेल. पण नाशिकसारख्या ठिकाणाहून त्या मार्गावर दिवसातून एखादंच उड्डाण असतं. तेच विमान सकाळी दुसऱ्या कुठल्या गावाहून आलेलं असतं आणि तिथला उशीर घेऊन तुमच्याकडे येतं. ते रद्द झालं तर पुढचं दुसऱ्या दिवशी. आम्ही स्वतः इंधन भरताना नागपूरपर्यंतचंच भरत नव्हतो. वर पाच टक्के, नागपूरला उतरता आलं नाही तर पावणेतीनशे किलोमीटरवरच्या रायपूरला जाण्याइतकं, आणि तिथे पोचूनही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं. विमान एवढी शिल्लक बाळगून निघतं, तर मुलीकडच्या गोटात बसणाऱ्यांनी आदल्या दिवशी निघायला काय हरकत आहे?

गाडीने जावं का, असं तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी सुचवलंय. बघा, घरातून ओझरला पाऊण तास, दोन तास आधी पोचायचं, पावणेदोन तास उड्डाण, सामान आणि शहरात जाणं मिळून एक तास. झाले साडेपाच. समृद्धीवर गाडीला १२० ची मर्यादा आहे, पण चहा-जेवण-लघुशंका धरून सरासरी ८५-९० च्या वर जात नाही, म्हणजे सात-साडेसात तास. फरक दोन तासांचा. चौघे असाल तर पैशाने गाडी स्वस्त. पण सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे म्हणालात, तर सात तास पाय मुडपून बसण्यापेक्षा मी विमानच घेईन. एटीआरला मागच्या बाजूने चढायचं असतं आणि पायऱ्या मोजक्या, पाच-सहा. तेवढ्याही चढवत नसतील तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवा, विमानतळावर ऐनवेळी मागू नका. रेल्वेचा पर्याय आहेच, रात्री नाशिकरोडला बसलं की सकाळी नागपूर. खालचा बर्थ मिळाला तर कित्येक आजोबांना तेच आवडतं. त्यांनाच विचारा.

आता चिरंजीवांची खिडकी. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं दृश्य झाकलं जात नाही. फक्त मधल्या रांगांमध्ये बसवू नका, तिथे इंजिन आणि पंखा आड येतो. मागची जागा घ्या. विमान सरळ रेघेने गेलं तर डावी बाजू चांगली, अजिंठ्याचे डोंगर त्या बाजूला राहतात. संभाजीनगरवरून वळून गेलं तर मात्र उजवी. आधी पैठणजवळचा नाथसागर चमकेल, आणि साधारण पंधरा मिनिटांनी उजव्या हाताला पंचवीस-तीस किलोमीटरवर लोणारचं विवर येईल. पावणेदोन किलोमीटर रुंदीची गोल वाटी, हवा स्वच्छ असेल तर ओळखू येते. सरळ मार्गाने गेलात तर लोणार सत्तर किलोमीटरवर पडतं आणि फेब्रुवारीच्या धुरकट हवेत दिसत नाही. कोणत्या मार्गाने जाणार ते त्या दिवशीच ठरतं. दारात उभ्या असलेल्या हवाई सुंदरीला मुलाने विचारलं तर ती वैमानिकाला विचारून सांगेल. आमच्या वेळी तरी अशा प्रश्नांवर कॉकपिटमधले खूश व्हायचे.